स्तनातली गाठ, तपासण्या, उपचार आणि त्यानंतर: नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न नाशिक शहर, सिन्नर, निफाड, दिंडोरी, कळवण, मालेगाव अशा ठिकाणच्या बायकांनी, त्यांच्या मुलींनी, काही वेळा नवऱ्यांनी विचारलेले आहेत. कोणी फोनवर, कोणी ओपीडीबाहेरच्या बाकावर. मी रुग्णांशी बोलण्याचं, समुपदेशनाचं काम करते. उपचार डॉक्टर ठरवतात, आणि तुमच्या बाबतीत त्यांचाच शब्द अखेरचा धरा. उत्तरं लिहिताना माझी तळमळ एकच आहे. हाताला गाठ लागल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत आपल्याकडे फार दिवस जातात. कधी द्राक्षाचा सीझन आड येतो, कधी घरातलं लग्न, कधी मुलाची बारावी. ते दिवस वाचले पाहिजेत.

1. छातीत गाठ लागतेय. म्हणजे कॅन्सरच का?

नाही. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. विशी-तिशीतल्या मुलींमध्ये बोटाखालून इकडेतिकडे सरकणारी, रबरासारखी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा असते. पस्तिशी-चाळिशीत पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, नेहमी दिसतात. पाळीच्या आधी स्तन जड होऊन आत गुठळ्या लागतात, त्या पाळीनंतर विरतात.

पण यातली कुठली गाठ साधी आणि कुठली नाही, हे नुसत्या हाताने ठरत नाही. अनुभवी डॉक्टरसुद्धा फक्त हाताच्या भरवशावर राहत नाहीत. म्हणून घाबरू नका आणि अंदाजही बांधत बसू नका. एक पाळी येऊन गेल्यावरही गाठ तिथेच असेल तर दाखवाच. पाळी गेलेली असेल तर वाट बघण्याचं काहीच कारण नाही, त्याच आठवड्यात जा.

2. माझी गाठ अजिबात दुखत नाही. मग एवढी घाई कशाला?

ती दुखत नाही म्हणूनच घाई करा. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार असं डोक्यात पक्कं बसलंय, आणि सगळ्यात जास्त उशीर त्यामुळेच होतो. याउलट दोन्ही स्तनांत पाळीच्या आधी होणारा ठणका बहुतेकदा हार्मोनमुळे असतो. एकाच जागी, पाळीशी संबंध नसलेलं आणि न थांबणारं दुखणं असेल तर मात्र तेही दाखवावं.

3. गाठ नसतानाही कॅन्सर असू शकतो का? काय बघायचं?

असू शकतो. स्तनाची कातडी एका जागी आत ओढली जाणं, तिथे खळी पडणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची दिसणं, आधी नीट असलेलं स्तनाग्र आत जाणं, काखेत गाठ लागणं ही सगळी तपासून घेण्यासारखी लक्षणं आहेत. दोन स्तन जन्मापासूनच थोडे लहानमोठे असतील तर काळजी नको. आकार अलीकडे बदललाय का, एवढं बघा.

दोन गोष्टींकडे फार दुर्लक्ष होतं. एक, स्तनाग्रावरचा खरजेसारखा चट्टा. खाज येते, खपली धरते, मलम लावलं की थोडं बरं वाटतं आणि पुन्हा उमटतं. एकाच बाजूला असं होत असेल आणि दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जात नसेल, तर तो पॅजेट्स डिसीज, म्हणजे स्तनाग्रावर उमटणारा कॅन्सर, असू शकतो आणि त्याची बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, लागते. दुसरं, स्राव. दोन्ही बाजूंनी, दाबल्यावरच येणारा पांढुरका-हिरवट स्राव बहुधा निरुपद्रवी असतो. पण एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून, न दाबता आपोआप येणारा लालसर किंवा पाण्यासारखा स्राव ब्लाऊजला डाग पाडत असेल, तर थांबू नका. पुष्कळदा तो दुधाच्या नळीतल्या साध्या पॅपिलोमामुळे, म्हणजे मशीसारख्या वाढीमुळे, निघतो, तरी खात्री करावीच लागते.

4. दर महिन्याला स्वतः तपासावं का? कसं?

तपासा, पण त्यावरच भिस्त ठेवू नका. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या 2 लाख 66 हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला. स्वतः तपासायला शिकवलेल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायॉप्सी मात्र वाढल्या. प्रशिक्षित माणसाच्या हाताची गोष्ट वेगळी. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. त्यांच्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले. या बायकांमध्ये आजार आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. सुरगाणा-पेठसारख्या भागात, जिथे मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, मशीन लांब आहे, तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिशीनंतरच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. तुमच्या आशाताईंना विचारा, आयुष्मान आरोग्य मंदिरात ती फुकट होते.

घरी बघायचं तर पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी बघा, तेव्हा स्तन मऊ असतात. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून घ्या. आधी आरशासमोर हात खाली, मग वर, मग कमरेवर दाबून बघा. नंतर आंघोळीच्या वेळी साबणाच्या ओल्या हाताने, बोटांच्या टोकांनी नाही तर पेरांच्या सपाट भागाने, गळ्याच्या हाडापासून ब्राच्या पट्टीपर्यंत आणि काखेपर्यंत चाचपा. आपला स्तन एरवी हाताला कसा लागतो हे माहीत असलं की बदल लगेच कळतो. त्यासाठीच हे करायचं.

5. मॅमोग्राफी कधीपासून करायची? सोनोग्राफीवर भागत नाही का?

काही तक्रार नसेल तर चाळिशीनंतर दर वर्षी किंवा दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी. किती अंतराने, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. चाळिशीच्या आत स्तनातल्या ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं आणि गाठ लपते. म्हणून तरुण मुलींना आधी सोनोग्राफी सांगतात. चाळिशीपुढे सोनोग्राफी ही मॅमोग्राफीला जोड असते, तिच्याऐवजी चालत नाही. चुन्याच्या कणांसारखे बारीक ठिपके मॅमोग्राफीतच नीट दिसतात.

दुखतं का? दोन प्लेटांमध्ये स्तन काही सेकंद दाबला जातो, तेवढा वेळ दुखतं. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलात तर कमी दुखेल. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण फिल्ममध्ये ठिपके म्हणून उमटतात. आणि जुनी फिल्म बरोबर न्याच. मागच्या वेळी काय होतं हे दिसलं तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

6. रिपोर्टमध्ये "बायरॅड्स 3" लिहिलंय. तिसरी स्टेज का?

नाही, नाही! या आकड्याने किती घरांत रात्रभर रडारड झाली असेल. बायरॅड्स हा फक्त फिल्म बघून दिलेला शंकेचा अंक आहे, त्याचा स्टेजशी काही संबंध नाही. 1 आणि 2 म्हणजे काळजीचं काही नाही. 3 म्हणजे बहुधा साधीच गाठ, कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. 4 म्हणजे बायॉप्सी करा. 5 म्हणजे दाट शंका. 0 म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी लागेल. 3 आल्यावर सहा महिन्यांची तारीख मात्र चुकवू नका.

7. सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायॉप्सी करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारी बाई बहुधा आधीच दोन-तीन महिने थांबलेली असते.

सुईच्या बायॉप्सीने स्तनाचा कॅन्सर अंगभर पसरत नाही. मग हा समज आला कुठून? आजार आधीच वाढलेला असताना बायॉप्सी झाली, नंतर उपचार घेतलेच नाहीत किंवा अर्धवट घेतले, आणि सहा महिन्यांत माणूस गेलं. गावाला आठवतं ते एवढंच, की सुई टोचली आणि त्यानंतर बिघडलं. खरं कारण न घेतलेले उपचार होते.

बायॉप्सीशिवाय उपचार सुरूच होऊ शकत नाहीत. गाठ कॅन्सरची आहे का, असेल तर कुठल्या जातीची, त्यावर कोणतं औषध चालेल, हे सगळं त्या सुताएवढ्या तुकड्यांतून कळतं. हल्ली बारीक सुईच्या एफएनएसीपेक्षा जाड सुईची, म्हणजे ट्रूकट किंवा कोअर बायॉप्सी जास्त पसंत करतात. कातडी बधिर करतात, खटका दाबल्यासारखा टक् असा आवाज येतो, तीन-चार तुकडे काढतात, वर दाबून पट्टी लावतात. टाका बहुधा लागत नाही. तुम्ही त्याच दिवशी घरी येता. दोन दिवस काळंनिळं दिसेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

8. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू, दोन दिवसांत मोकळ्या." करू का?

आधी निदान, मग चाकू. या एका गोष्टीवर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

गाठ नेमकी काय आहे हे न कळता ती उपटून काढली आणि मागाहून कॅन्सर निघाला, तर अडचणींची रांग लागते. कडेने पुरेसा भाग निघालेला नसतो, काखेतल्या गाठींचं काय करायचं हे ठरलेलं नसतं, चीर नको त्या दिशेला असते, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आधी किमो देऊन गाठ लहान करायची आणि स्तन वाचवायचा, ही संधीही जाते. त्याहून वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नाही असं होतं. "साधीच होती, टाकून दिली," हे वाक्य मी ऐकलेलं आहे. वर्षाने त्याच जागी पुन्हा गाठ आली तेव्हा जुना कागद हाती नव्हता.

म्हणून आधी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. डॉक्टरांच्या हाताची तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी आणि बायॉप्सी. तिन्हींचं एकमत झालं की पुढचं ठरवायचं. ती एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे फिल्म वाईट दिसते पण बायॉप्सी स्वच्छ आली, तर बायॉप्सी पुन्हा करावी लागते. कुठल्याही कारणाने गाठ काढली तर ती फॉर्मॅलिनच्या बरणीत लॅबला जाते आहे हे स्वतः बघा. रिपोर्टबरोबर मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड्स मागून घ्या. त्या तुमच्या आहेत. मुंबईला गेलात तर पहिल्याच दिवशी त्या मागतील.

9. ईआर, पीआर, हर-टू म्हणजे काय?

कॅन्सरच्या पेशींवर कुठले खटके आहेत, ते ही तपासणी सांगते. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर आजार हार्मोनवर वाढतो आणि हार्मोन रोखणारी गोळी उपयोगी पडते (प्रश्न 17 पाहा). हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन देतात, सहसा एक वर्ष, आणि मधून मधून हृदयाची टू-डी इको करतात. 2014 पासून या औषधाच्या भारतीय आवृत्त्या मिळू लागल्या आणि किंमत उतरली. तिन्ही निगेटिव्ह असेल तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे मुख्य आधार किमोचा, काही जणींना त्यासोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लावणारं औषधही देतात. तिन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं तरी उपचार आहेत. हे उत्तर हातात येण्याआधी नातेवाइकांनी "किमो लागेल का" यावर चर्चा करून काही निष्पन्न होत नाही.

10. स्तन पूर्ण काढावाच लागतो का? थोडाच काढला तर आजार परत येईल ना?

लवकर सापडलेल्या आजारात पुष्कळ जणींचा स्तन वाचवता येतो. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढतात आणि नंतर रेडिएशन देतात. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांच्या गटांनी या दोन पद्धतींची तुलना केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. स्तन वाचवलेल्या आणि पूर्ण काढलेल्या बायकांच्या आयुष्यमानात फरक नव्हता.

गाठी अनेक ठिकाणी असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, किंवा रेडिएशन देणं शक्य नसेल तर पूर्ण काढावा लागतो. "आता या वयात स्तन ठेवून काय करायचंय?" हे कधी सासरचे ठरवतात, कधी मुलगा. पासष्टीच्या बाईलाही तिचं मत विचारा. शरीर तिचं आहे.

काखेतही हल्ली सगळ्या गाठी सरसकट काढत नाहीत. आधी पहारेकरी गाठ, म्हणजे सेंटिनेल नोड, तपासतात. ती स्वच्छ असेल तर बाकीच्या तशाच ठेवतात आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो.

11. नाशिकमध्ये उपचार होतात की टाटालाच जावं लागतं?

बहुतेक रुग्णांचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन नाशिकमध्येच होतं. सुरुवातीची तपासणी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोग विभाग आहे. शहरात खासगी कॅन्सर रुग्णालयंही आहेत. दुसरं मत हवं असेल, आजार परतला असेल किंवा निदान गुंतागुंतीचं असेल तर परळच्या टाटाला जरूर जा. उपचार तिथून ठरवून आणून नाशिकमध्ये घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. किमोनंतर मळमळत असताना कसारा घाट उतरत-चढत प्रवास करणं सोपं नाही.

जाणार असाल तर नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलं की परळ जवळ पडतं. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत असते, फॉर्म रुग्णालयातून सही करून घ्यावा लागतो. एसटीत तर बायकांना अर्धं तिकीट आहेच. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा पिढ्यानपिढ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. जागा मिळते का ते आधी चौकशी करून ठरवा.

12. खर्च किती? पैसे नसतील तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन बसतं. आता पांढऱ्या रेशनकार्डासह सगळ्या कार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, आधी तिथे जा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, दोन्हींवरचं नाव जुळतंय ना बघा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असलं की मंजुरी अडते. योजनेचा टोल-फ्री क्रमांक 155388.

मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते. आधी रोख भरले आणि मग योजनेत मागितले, असं चालत नाही. घरातली एखादी वस्तू गहाण टाकायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. योजनेत न बसणाऱ्या औषधांसाठी मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो.

13. ताई, आईला कॅन्सर आहे हे तिला सांगायचं का? ती खचेल.

सांगायचं. कसं आणि केव्हा, हे तिच्या स्वभावाप्रमाणे ठरवा. तिला नको असलेला तपशील लादू नका, पण खोटंही बोलू नका.

माझा अनुभव असा की आईला बहुतेकदा कळलेलंच असतं. वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्या बाईचे केस गेलेले दिसतात, वर पाटी वाचता येते, मुलगा डोळ्याला डोळा देत नाही. मग ती तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प राहते आणि तुम्ही तिच्यासाठी गप्प राहता. किमोचा त्रास "ताकदीच्या सलाइन"चा म्हणून सांगितला तर दुसऱ्या सलाइननंतर ती म्हणते, मला नको ही ताकद. उपचार सुटतात ते असे. तिने स्वतः सही करायची आहे, तर कशावर करते ते तिला माहीत हवं. डॉक्टरांनी सांगताना तुम्ही तिच्याजवळ बसा. स्टेजचा आकडा नको असेल तर न सांगता "गाठ कॅन्सरची आहे, उपचार आहेत, आम्ही बरोबर आहोत" एवढं सांगितलं तरी पुरतं.

आणि हा आजार संसर्गाचा नाही. तिचं ताट-पेला वेगळा काढू नका, नातवंडांना तिच्याजवळ जाऊ द्या.

14. किमोत नेमकं काय होतं? कधी घाबरून पळायचं?

पळायचं ते तापाला. अंगात 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली असतात आणि साधा जंतूही जिवावर उठू शकतो. "क्रोसिन घेऊन सकाळी बघू" चालणार नाही. थर्मामीटर विकत आणून ठेवा, हात लावून ताप बघू नका. गाडी कोणाची सांगायची तेही आधीच ठरवून ठेवा.

बाकीचा त्रास सांभाळता येतो. मळमळीच्या गोळ्या सांगितलेल्या वेळी घ्या, उलटी व्हायची वाट बघू नका. लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, साडीला पिन लावता येत नाही. ते डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवरचे झुबके बघायची वेळ येत नाही. किमो संपल्यावर काही आठवड्यांतच ते परत उगवायला लागतात. तोंड आलं असेल तेव्हा मिसळ, ठेचा, लोणचं बाजूला ठेवा आणि मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा.

15. खाण्यात काय चालतं? नवरात्राचे उपास करू का? साखर बंद करायची का?

साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. शरीर भातापासूनही साखर बनवतं. मधुमेह असेल तर पथ्य पाळा, नाहीतर चहातला चमचा सोडून काही मिळणार नाही. या काळात प्रथिनं हवीत. मटकीची उसळ, वरण, दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे-चिकन नीट शिजवून खा. रस्त्यावरची कापलेली फळं, उसाचा रस, न उकळलेलं पाणी नको. द्राक्षं आवडत असतील तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊन खा.

किमो चालू असताना नऊ दिवसांचे उपास नकोत. साबुदाणा आणि भगर यांत प्रथिनं फार कमी, आणि वजन उतरलं की पुढची किमो लांबते. वणीच्या गडावर जायचं असेल तर पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्यावर, गर्दी नसताना जा. उपास घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या नावाने केला तरी देवीला चालतो, असं मी बायकांना सांगते आणि त्यांना ते पटतं.

गावठी औषध, काढे, भस्म घेत असाल तर लपवू नका. काही औषधं यकृतावर ताण आणतात, काही किमोशी भांडतात. ती घेऊन किमो सोडणं म्हणजे लवकर सापडल्याचा फायदा हातचा घालवणं.

16. ऑपरेशननंतर हात सुजेल म्हणतात. शेतात काम करता येईल का? हंडा उचलू का?

घरी येताना काखेखाली नळी आणि बाटली असते, तिला ड्रेन म्हणतात. रोज ठरलेल्या वेळी पाणी मोजा आणि वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण 30 मिलीच्या खाली आलं की ती काढतात. कापडी पिशवी शिवून ती कमरेला बांधली की नळी ओढली जात नाही, साडीच्या निऱ्यांआड दिसतही नाही.

व्यायाम पहिल्या दिवसांपासून सांगतात. आधी मूठ उघडझाप आणि कोपर वाकवणं, ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर नेणं. दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवला तर खांदा आखडतो, आणि मग रेडिएशनला हात डोक्यावर जात नाही.

सुजेचा धोका काखेतल्या गाठी किती काढल्या आणि तिथे रेडिएशन दिलं का यावर असतो. ती महिन्यांनी येऊ शकते, वर्षांनीही. बांगडी घट्ट होणं, ब्लाऊजची एकच बाही आवळणं ही पहिली खूण. तेव्हाच दाखवलं तर विशेष मालिश, पट्ट्या आणि दाबाची बाही यांनी ती आटोक्यात राहते. हात आयुष्यभर वापरायचाच नाही, हा जुना सल्ला मागे पडला. हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज बिघडत नाही, हे 2009 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. हंडाही उचलाल, पण आधी तांब्या, मग छोटी बादली, मग कळशी.

द्राक्षबागेत छाटणी, विरळणी करणाऱ्या आणि डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्या बायकांनी त्या हातात जाड हातमोजा घातल्याशिवाय बागेत जाऊ नये. काडीचा ओरखडा, डाळिंबाचा काटा एवढंही जंतू शिरायला पुरे असतं. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजली तर त्याच दिवशी दाखवा. काखेच्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर रक्त काढायला आणि सलाइनला शक्यतो दुसरा हात पुढे करा.

17. आता पाच वर्षं रोज गोळी घ्यायची. गरम वाफा येतात, सांधे दुखतात. सोडली तर?

सोडू नका, डॉक्टरांशी बोला. पाळी चालू असेल तर सहसा टॅमॉक्सिफेन आणि पाळी गेलेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात, पाच वर्षं, काही जणींना दहापर्यंत. आजार परत येण्याचा धोका या साध्या, स्वस्त गोळीने खूप कमी होतो. त्रास होत असेल तर गोळी बदलता येते. सांधेदुखीला चालणं खरोखर उपयोगी पडतं. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, किंवा एकच पिंढरी सुजून दुखू लागली, तर लगेच जा. नैराश्याची गोळी चालू करायची असेल तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा, काही गोळ्या तिचा असर कमी करतात.

18. स्तन काढलाय. ब्लाऊज कसा घालू? लोक बघतात.

टाके पूर्ण भरेपर्यंत मऊ सुती पॅड, ओढणीचं मलमल घडी करूनही चालतं. दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणि त्याची खिशाची ब्रा वापरता येते. टेलरला ब्लाऊजच्या आत मऊ कापडाचा कप्पा शिवायला सांगा, म्हणजे पॅड वर सरकत नाही. गळा एक बोट वर घ्या, बाही थोडी सैल ठेवा. मोठा स्तन एका बाजूला राहिला तर नुसत्या दिसण्यासाठीच नाही, पाठ आणि मान यांच्यासाठीही वजन सारखं असणं बरं. नवा स्तन बनवण्याची शस्त्रक्रिया त्याच वेळी किंवा नंतरही होते. आधी विचारून ठेवा. आणि काहीच न घालता वावरायचं असेल तर तोही तुमचा हक्क आहे.

19. मी 32 वर्षांची आहे. नंतर मूल होऊ शकेल का? नवऱ्याजवळ जाता येईल का?

मूल हवं असेल तर किमो सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर उशीर होतो. बीजांडं किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. हार्मोनची गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नका. पण काही काळ गोळी थांबवून मूल होऊ देण्याबद्दल 2023 मध्ये आलेल्या अभ्यासात, पहिल्या काही वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गर्भनिरोधक म्हणून हार्मोनच्या गोळ्या नकोत, तांबी किंवा निरोध वापरा.

जवळ जायला हरकत नाही. कोरडेपणा येतो, त्यासाठी पाण्याचं जेल मिळतं. व्रणाकडे नवऱ्याने बघावं का, कधी बघावं, हे तुमच्या मनाने ठरवा. नवऱ्यांनो, पहिलं पाऊल तुम्ही उचलत नाही ते काळजीपोटी, पण तिला तो नकार वाटतो. बोलून टाका.

20. आईला झाला, म्हणजे मला होणारच का?

होणारच असं नाही. साधारण 5 ते 10 टक्के स्तनाचे कॅन्सरच घराण्यातून आलेल्या जनुकदोषाने होतात, त्यात बीआरसीए-1 आणि 2 मुख्य. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि आजीचीही माहिती काढा. जनुक तपासणी आधी आजारी व्यक्तीची करायची असते. तिच्यात दोष सापडला की मग मुली, बहिणी, भाऊ. कमी वयात झालेला, दोन्ही बाजूंनी झालेला, ट्रिपल निगेटिव्ह, घरात अंडाशयाचा कॅन्सर किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, अशा वेळी समुपदेशकांना भेटा. आईला 42व्या वर्षी झाला असेल तर मुलीची तपासणी साधारण 32 पासून सुरू करतात.

21. मी बाळाला पाजते आहे आणि गाठ आली. दुधाचीच ना?

बहुधा दुधाचीच, किंवा पू धरला असेल. पण पाजून, शेकून आणि औषध घेऊनही दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी करा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना सोनोग्राफी, बायॉप्सी दोन्ही करता येतात. याच काळात निदान सर्वात जास्त लांबतं, कारण सगळे "दुधाची गाठ" म्हणून समजूत घालतात.

22. पू होतो, जखम भरत नाही, बायॉप्सीत कॅन्सर नाही. मग काय?

आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही होतो, आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा एक चिवट आजार पाजून झालेल्या तरुण बायकांमध्ये दिसतो. दोन्ही कॅन्सरसारखे दिसू शकतात. पुवाची क्षयासाठी तपासणी झाली का ते विचारा. पुन्हा पुन्हा चिरा देऊन हे बरं होत नाही. उलट, प्रतिजैविकांनी न उतरणारी लाली आणि सूज असेल तर सुजेचा कॅन्सर नाही ना हेही बघावं लागतं, त्याची बायॉप्सी कातडीचीही घेतात.

23. पुरुषांना होतो का?

होतो, दर शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो. स्तनाग्रामागची टणक, एकाच बाजूची गाठ दाखवा. दोन्ही बाजूंची मऊ वाढ बहुधा वेगळी असते. बाकी तपासण्या प्रश्न 7 आणि 8 प्रमाणेच.

24. उपचार संपले. दर वर्षी पेट स्कॅन करू ना, म्हणजे खात्री?

काही त्रास नसेल तर नको. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी, आणि वर्षाला एक मॅमोग्राफी, एवढं पुरतं. नियमित पेट स्कॅन (अंगभर आजार शोधणारं स्कॅन) आणि ट्यूमर मार्कर (रक्ताची तपासणी) यांनी आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. त्याऐवजी हे लक्षात ठेवा: एकाच हाडात न थांबणारं आणि रात्री वाढणारं दुखणं, दोन-तीन आठवड्यांचा खोकला, धाप, डोकेदुखीबरोबर उलट्या, डोळे पिवळे होणं, व्रणाजवळ नवी गाठ. तारखेची वाट न बघता जा.

25. चौथी स्टेज सांगितली. आता उपचार करून काय उपयोग?

उपयोग आहे. चौथ्या टप्प्यात आजार पूर्ण मुळापासून जाणं सहसा शक्य नसतं, हे खरं. पण हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह आजारात औषधांवर वर्षानुवर्षं घरचं सगळं करत राहिलेल्या बायका मी बघते. काही जणींना किमोची गरजही पडत नाही, गोळ्यांवर भागतं. किती वर्षं, हे कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

हाडात गेलं असेल तर रेडिएशनच्या एक-दोन बैठकांनीही दुखणं उतरतं. मॉर्फिनच्या गोळीला भिऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत घेतली तर सहसा व्यसन लागत नाही, बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत घ्यायचं. दुखणं सहन करण्यात पुण्य नाही. वेदनाशामक उपचार, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. निदानाच्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.